धाकटीच्या वॉर्डाची पेटी

थोरलीला काळजी करायला कारण लागत नसे. बस वेळेवर आली, तर आज एवढी वेळेवर कशी आली ही काळजी. फोन वाजला तर कुणाला काय झालं, आणि दिवसभर वाजला नाही तर सगळ्यांनाच काय झालं! धाकटी बहीण तिची नक्कल करायची, "ताई जन्मली तेव्हा रडलीच नसणार. डॉक्टरांना म्हणाली असणार, 'आई बरी आहे ना? खिडकी लावली ना?'" थोरलीच्या कपाळावरच्या दोन आठ्या हसतानाही जागच्या हलत नसत. नव्या माणसाला वाटायचं, बाईंच्या घरी काहीतरी वाईट घडलंय. जुन्यांना ठाऊक होतं, हा हिचा रोजचाच चेहरा.

अशा बाईने अनोळखी लोकांची दारं वाजवण्याची नोकरी पत्करावी, याचं घरात सगळ्यांना नवल वाटे. शहरातल्या एका लहानशा अभ्यास केंद्रात ती कामाला होती. केंद्र म्हणजे सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या तीन खोल्या, कागदांनी गच्च भरलेली कपाटं आणि उन्हाळ्यात नुसताच आवाज करणारा पंखा. तिथे एकाच गोष्टीचा अभ्यास चालायचा: महापालिकेच्या निवडणुकीत लोक मत कुणाला देतात आणि का देतात. देशाच्या राजकारणावर बोलायला विद्वानांची वानवा नसते. पण गटार तुंबलं की ज्याला फोन जातो, त्या माणसाला लोक का निवडतात हे विचारायला कुणी फिरकत नाही. तिथे थोरली जायची. जिने चढायची, कुत्र्यांना घाबरायची, पुन्हा चढायची.

तिच्या खांद्याला एक पत्र्याची पेटी अडकवलेली असे. माणसांना तोंडाने विचारलं की ती समोरच्याला बरं वाटेल ते सांगतात, हे केंद्रातल्या सरांचं म्हणणं; म्हणून ही पेटी. थोरली घरातल्या माणसाच्या हातात उमेदवारांची नावं छापलेली चिठ्ठी द्यायची आणि स्वतः पाठ करून उभी राहायची. माणसाने खूण करायची, खाली वाटलं तर दोन शब्द लिहायचे, घडी घालून पेटीत टाकायची. चिठ्ठीवर नाव नाही, घर नाही, काही नाही. प्रत्येक दारात ती तेच वाक्य म्हणायची, "निकाल लागेपर्यंत यातलं अक्षरही कुणाला कळणार नाही. माझ्या घरच्यांनासुद्धा नाही."

हे वाक्य ती उगाच म्हणत नव्हती. मागे एकदा दुसऱ्याच कुणीतरी केलेल्या सर्व्हेचे आकडे मतदानाआधी फुटले होते. कुठल्या गल्लीचा कल कुणाकडे, ते उमेदवारांच्या माणसांना कळलं. निवडून आलेल्या माणसाने तोंडाने ब्र काढला नाही, पण त्या गल्लीतले दिवे गेले ते वर्षभर आलेच नाहीत. पुढच्या खेपेला थोरली त्याच गल्लीत गेली, तेव्हा एका म्हाताऱ्या गृहस्थांनी दार अर्धंच उघडलं आणि म्हणाले, "बाई, आमचं मत विचारू नका. आम्हाला अंधारात चालायची सवय झालीय, पण आता पायरी दिसत नाही." ते ऐकल्यापासून तिच्या तोंडाला जे कुलूप लागलं, ते लागलं.

धाकटी सगळ्याच बाबतीत उलट. थोरलीने दार वाजवावं आणि दोन पावलं मागे सरावं. धाकटीने दार ढकलून थेट स्वयंपाकघरात जावं. ती महापालिकेच्या दवाखान्यात नर्स होती आणि त्याच वॉर्डात आईला घेऊन राहायची. वॉर्डातल्या निम्म्या पोरांना पहिली सुई तिने टोचलेली. रस्त्याने निघाली की पोरं दंड धरून पळायची आणि त्यांच्या आया हसत उभ्या राहायच्या. थोरली शहराच्या दुसऱ्या टोकाला नवऱ्याबरोबर राहायची, पण दोघी बहिणींचं रोज संध्याकाळी फोनवर बोलणं व्हायचं. धाकटी सांगायची, थोरली काळजी करायची. दोघींचं छान जमायचं.

त्या वर्षी दवाखाना हलवायचं ठरलं. हमरस्त्याच्या पलीकडे नवी इमारत बांधली होती, तिथे. हमरस्ता ओलांडायला ना पूल, ना सिग्नल. धाकटीने सह्या गोळा केल्या, बायकांना घेऊन महापालिकेच्या दारात बसली, साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन मोठ्याने बोलली. वॉर्डाचा नगरसेवक मधाळ माणूस, सगळं गाव त्याला मामा म्हणायचं. मामा म्हणाला, "बघतो, ताई." मामा सगळ्यांनाच 'बघतो' म्हणायचा, आणि खरं सांगायचं तर बऱ्याच वेळा बघायचाही. कुणाच्या पोराला शाळेत जागा, कुणाच्या सासऱ्याला रुग्णवाहिका. दवाखान्याचं मात्र त्याने काही बघितलं नाही.

एका संध्याकाळी धाकटीचा फोन आला. "ताई, बसलीयेस का?"

थोरली उभी होती ती मटकन बसली. "आईला काय झालं?"

"आईला काय होणार? मी निवडणुकीला उभी राहतेय. अपक्ष. आज राजीनामा दिला, उद्या अर्ज भरणार."

थोरलीला पुढचं काही नीट ऐकू आलं नाही. पालिकेच्या नोकराला उभं राहायचं तर नोकरी सोडावी लागते, हे तिला ठाऊक होतं. धाकटी सांगत होती की राजीनामा मंजूर व्हायला वेळ लागतो, अर्ज मागे घ्यायच्या दिवसापर्यंत माघार घेतली तर राजीनामाही मागे घेता येईल, "पण मागे कोण घेतंय!" मागून आईचा आवाज येत होता, "तिला विचार, आता मामाला तोंड कसं दाखवायचं? माझ्या चष्म्याचं शिबिर त्यानेच भरवलं होतं!"

दुसऱ्या दिवशी सकाळीच थोरली सरांच्या खोलीत जाऊन उभी राहिली. बहीण उभी आहे, तेव्हा त्या वॉर्डाचं काम माझ्याकडून काढून घ्या, म्हणाली. सरांनी ते ताबडतोब तिच्या शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला दिलं. हा गृहस्थ कामाला चांगला पण भलता धांदरट. पेटी घेऊन गेला, वॉर्ड पालथा घातला, चिठ्ठ्या भरून आणल्या आणि परतीच्या वाटेवर शेवटच्या गल्लीत त्याच्या पोटरीला कुत्रं चावलं. तो इंजेक्शनं घ्यायला गेला आणि पेटी थोरलीच्या समोर आली.

"सर, ही मी नाही उघडणार," ती म्हणाली.

सरांच्या डोक्यात दुसऱ्या फेरीच्या चिठ्ठ्यांची छपाई होती. "अहो, मोजायचंच तर आहे. मोजण्यात कुठे नातं आडवं येतं? तुम्ही काय चिठ्ठ्या बदलणार आहात?"

तेव्हाच हातातलं काम ठेवून घरी निघून जायला हवं होतं, असं तिला नंतर शंभरदा वाटलं. पण वरिष्ठांनी सांगितलं आणि आपण केलं नाही, असं तिच्या हातून कधी झालं नव्हतं. तिने पेटी उघडली.

पहिल्या मूठभर चिठ्ठ्यांत धाकटीचं नाव नव्हतं. तिला वाटलं, वरच्या सगळ्या एकाच इमारतीच्या असतील. तिने सगळ्या टेबलावर पसरल्या, हाताने कालवल्या. मामाचा ढीग वाढत गेला, दुसऱ्या पक्षाच्या वकिलाचा वाढत गेला. धाकटीचा ढीग म्हणावा असं काही झालंच नाही. शंभरातल्या जेमतेम आठ-नऊ चिठ्ठ्या. महापालिकेच्या दारात तिच्याबरोबर बसलेल्या बायकाच त्याहून जास्त होत्या.

मग तिने खाली लिहिलेले शब्द वाचायला घेतले. 'नर्सबाई लाखात एक. पण त्या गेल्या तर आमच्या बाळाला सुई कोण देणार?' 'बाई आम्हाला दवाखान्यातच हव्यात.' 'ताईंचा हात हलका आहे, त्यांनी राजकारणात पडू नये.' एकाने तर पेन दाबून लिहिलं होतं, 'हिला मत देऊन हिला घालवायची आहे का?' कुणाचा राग नव्हता, कुणाचा आकस नव्हता. लोकांना धाकटी हवी होती आणि म्हणूनच ते तिला मत देणार नव्हते. इतकी वर्षं लोक मत का देतात हे शोधत फिरलेल्या थोरलीने असं उत्तर कधी पाहिलं नव्हतं. दुसऱ्या कुठल्या वॉर्डात ते सापडतं तर ती आनंदाने सरांकडे धावली असती. इथे ती खुर्चीतून उठलीच नाही.

कारण माघारीचा दिवस अजून यायचा होता. धाकटीने अर्ज मागे घेतला तर तिची नोकरी तिला परत मिळत होती, वॉर्डाला त्याची नर्स परत मिळत होती, सगळं जिथल्या तिथे बसत होतं. त्याला लागत होतं फक्त थोरलीचं एक वाक्य. आणि तेच तिला बोलता येत नव्हतं.

घरी आली तेव्हा तिचा नवरा गच्चीकडच्या खोलीत कामाला बसला होता. तो दातांच्या कवळ्या बनवायचा. टेबलावर पांढऱ्या प्लास्टरचे जबडे ओळीने आ वासून असायचे. ती दारात उभी राहिली आणि म्हणाली, "अहो, एखादी गोष्ट आपल्याला कळली, आणि ती सांगितली तर आपल्या माणसाचं भलं होईल, पण सांगायची नाही असा शब्द दिलेला असेल, तर?"

त्याने एका दाढेवर फुंकर मारली. "शब्द कुणाला दिलाय?"

"परक्या लोकांना."

"आणि माणूस आपलं?"

"सख्खं."

तो हसला नाही. धाकटीने अर्ज भरलाय हे त्याला माहीत होतं आणि बायको कुठे काम करते हेही. "मामाची खालची कवळी माझ्याकडची आहे," तो म्हणाला. "कितीतरी वर्षं झाली. वॉर्डात कुणाला वाटतं का त्याचे दात खोटे आहेत? मी तुलासुद्धा सांगितलं नव्हतं."

"मग आत्ता का सांगितलं?"

तो जरा ओशाळला. "तुझा चेहरा बघवेना म्हणून. हे बघ, दात आणि मत एक नाही. माझ्या बोलण्याने कुणाचं काही बुडत नाही. तुझं तू ठरव. पण जेवून ठरव."

पण ती दोन घास खाऊन उठली. ज्या लोकांनी तिला पाठ करून उभं राहिलेलं बघून चिठ्ठीवर खरं लिहिलं, ते डोळ्यांसमोर येत. त्या वॉर्डात ती स्वतः गेली नव्हती, पण शब्द तर तोच दिला होता, केंद्राचा. धाकटीला सांगितलं तर धाकटीच्या पोटात ते राहणार होतं का? ती दुसऱ्याच मिनिटाला गल्लीत जाऊन कंबरेवर हात ठेवून विचारणार, 'कोण म्हणालं मी राजकारणात पडू नये?' मग मामाला कळणार, वकिलाला कळणार. आणि सांगितलं नाही, तर धाकटी हसत हसत नोकरी घालवून बसणार. फोन वाजला तेव्हा तिने नवऱ्याला खूण केली आणि त्याने सांगितलं की ती अंघोळीला गेलीय. दुसऱ्या संध्याकाळीही ती अंघोळीलाच गेली होती.

माघारीच्या आदल्या सकाळी ती सरांकडे गेली. "सर, त्या वॉर्डाचे आकडे मला एका माणसाला सांगायचेत. परवानगी द्या."

सरांनी चष्मा काढून पुसला. माणूस वाईट नव्हता. पण अवघड प्रश्न आला की तो चष्मा पुसायचा. "परवानगी मी कशी देणार? नियम माझाच आहे." मग आवाज खाली आणून म्हणाले, "आज मी जरा लवकर निघतोय. बाहेर कोण काय बोलतं, ते मला ऐकू येत नाही."

थोरलीला संताप आला. आयुष्यात फार कमी वेळा तिला असा संताप आला होता. नको म्हणाले असते तर तिने मान खाली घातली असती. हो म्हणाले असते तर धावत सुटली असती. या गृहस्थांनी दार उघडं टाकलं होतं आणि वर म्हणत होते, मी काही बघितलं नाही. सगळं तिच्याच गळ्यात. "मला ऐकू येतं, सर," ती म्हणाली आणि आपल्या टेबलाशी येऊन बसली.

दुपारी जिन्यावर चपलांचा आवाज झाला. असा दणदण जिना एकच माणूस चढायचा. धाकटी दारात आली, घामाने निथळलेली, हातात पत्रकांचा गठ्ठा.

"तू दोन दिवस अंघोळच करतेयस की काय?" ती म्हणाली आणि समोरची खुर्ची ओढून बसली. "ताई, उद्या शेवटचा दिवस. मी फार विचारत नाही. मला आकडे नकोत, गल्ली नको, काही नको. तू माझ्याकडे बघ आणि एवढंच सांग, उभी राहू का नको?"

थोरलीने तिच्याकडे पाहिलं. जिभेच्या टोकावर शब्द आला होता. नुसती मान हलवली असती तरी पुरलं असतं. तिला वाटलं, आता आपल्या चेहऱ्यावर सगळं छापलेलं असणार, हिला वाचता येणार, आणि मग मी सांगितलं असं होणार नाही. क्षणभर तिने देवाकडे तेच मागितलं: हिला वाचता येऊ दे.

धाकटीने निरखून पाहिलं आणि फस्सकन हसली. "तुला विचारण्यात काय अर्थ आहे? तुझा चेहरा बस वेळेवर आली तरी असाच असतो!"

"चहा घेणार?" थोरलीने विचारलं.

"नको. अजून मागची सगळी वसाहत व्हायचीय." धाकटीने एक पत्रक तिच्या टेबलावर ठेवलं, वर तिचाच हसरा फोटो, आणि दणदण जिना उतरून गेली. थोरली खिडकीशी गेली. धाकटी रस्ता ओलांडत होती, समोरून येणाऱ्या टेम्पोला हात दाखवून थांबवत होती. ती दिसेनाशी होईपर्यंत थोरली गज धरून उभी राहिली.

धाकटीने माघार घेतली नाही. राजीनामा मंजूर झाला.

पुढचे दिवस थोरलीने कसे काढले ते तिचं तिलाच ठाऊक. केंद्राच्या माणसाने प्रचारात जायचं नाही हा नियम, त्यामुळे तिला बहिणीच्या बाजूने उभंही राहता येईना. एकदा ती आईला भेटायच्या निमित्ताने गेली, तर घरात बायकांची ही गर्दी. कुणी पत्रकं मोजतंय, कुणी घोषणा पाठ करतंय. धाकटी मधोमध उभी राहून सगळ्यांना कामं वाटत होती आणि बायका म्हणत होत्या, "ताई, तुम्ही आलातच निवडून!" थोरली त्या बायकांची तोंडं एकेक करून बघत राहिली. यातल्या कुणी खूण कुठे केली असेल? ही की ती? आपण असा विचार करतोय हे लक्षात आल्यावर तिची तिलाच लाज वाटली. ती उठली आणि आईच्या खोलीत जाऊन बसली.

आई चष्मा पुसत होती. "निवडून येईल का गं ती?"

"मला काय माहीत, आई."

"तुला नाही माहीत? मग इतकी वर्षं लोकांची दारं कशाला झिजवलीस?" आईने चष्मा चढवला. "मी तर तिलाच देणार मत. पण मामाने भेटून विचारलं तर त्यालाच दिलं म्हणून सांगणार. म्हातारपणी कुणाशी वाकडं घेऊ?"

एरवी थोरलीला हसू आलं असतं.

निकालाच्या दिवशी ती मोजणीच्या केंद्रावर गेली नाही. नवऱ्याने रेडिओ लावला होता; तिने तो बंद करायला लावला, मग पुन्हा लावायला लावला. मामा निवडून आला. वकील दुसरा. धाकटी तिसरी, आणि तीही दूरची तिसरी. पेटी फार चुकली नव्हती. आपलं काम बरोबर निघालं याचा कुणाला इतका कधी त्रास झाला नसेल.

केंद्राचा अहवाल महिनाभराने छापून आला. वर्तमानपत्राने त्यातलं एक पान उचललं आणि मथळा दिला: 'आवडते म्हणून मत नाही'. त्यात नर्सबाईंची गोष्ट होती, लोकांनी लिहिलेली वाक्यं होती आणि एक साधी ओळ होती की हा कल माघारीच्या आधीच दिसत होता. थोरलीने सरांना ती ओळ गाळायला सांगितलं नाही. खोटं नव्हतं, गाळायची कशी?

त्या संध्याकाळी फोन आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिने लावला तर आईने उचलला. "ती घरात आहे, पण तुला सांगू नको म्हणालीय," आई म्हणाली. लेकींशी तिला खोटं बोलता येत नसे.

कितीतरी आठवडे असेच गेले. थोरलीचं वजन उतरलं. ती रस्त्यात दिसेल त्या नर्सच्या कपड्यांकडे बघायची. शेवटी एका रविवारी सकाळी नवऱ्याने तिची पिशवी तिच्या हातात दिली आणि म्हणाला, "जा. शिव्या खाऊन ये. उपाशी राहण्यापेक्षा ते बरं."

धाकटीनेच दार उघडलं. आत ये म्हणाली नाही, नको येऊस असंही म्हणाली नाही. थोरली बाकड्याच्या टोकाला बसली, पाहुण्यासारखी.

"मी हरले त्याचं मला काही नाही," धाकटी म्हणाली. आवाज शांत होता आणि तेच थोरलीला जास्त लागलं. "माणसं हरतात. नोकरी गेली त्याचंही मी बघून घेईन. पण मी तुझ्यासमोर बसले होते, ताई. मी विचारत होते. तुला सगळं माहीत होतं, आणि तू मला चहा विचारलास."

थोरलीने पुष्कळ वाक्यं घोकून आणली होती. अंधारी गल्ली, अर्ध्या दारातले म्हातारे गृहस्थ, दिलेला शब्द. त्यातलं एकही बाहेर पडेना. "हो," ती म्हणाली. "विचारला."

"पुन्हा तशी वेळ आली तर?"

आतल्या खोलीत आईच्या काठीचा आवाज थांबला होता, म्हणजे आई ऐकत होती. हो म्हणावं तर बहीण जाते, नाही म्हणावं तर खोटं. "मला माहीत नाही," ती शेवटी म्हणाली. "तेव्हापासून रोज विचारते स्वतःला. एक दिवस सांगितलं असतं असं वाटतं, एक दिवस नाही. तुझी शपथ, मला खरंच माहीत नाही."

ती रडायला लागली. ती रडली की आठ्या जायच्या, चेहरा एकदम कोवळा दिसायचा. धाकटीने ते लहानपणानंतर पाहिलं नसावं. ती जवळ आली नाही, पण उठून पाणी आणून दिलं. मग एकदम म्हणाली, "हात हलका आहे असं कुणी लिहिलं?"

थोरलीने पदराने डोळे पुसले. "चिठ्ठीवर नाव नसतं."

"अक्षरावरून? बाईचं की पुरुषाचं?"

"सांगता येत नाही."

"येत नाही का सांगणार नाहीस?"

"सांगणार नाही," थोरली म्हणाली आणि पुन्हा घाबरली.

धाकटी तिच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "कमाल आहे तुझी," आणि तोंड वळवून खिडकीबाहेर बघायला लागली. तिचे खांदे हलत होते. हसतेय की काय करतेय ते थोरलीला कळेना आणि विचारायचा धीर होईना. आतून आई ओरडली, "झालं का तुमचं? मला भूक लागलीय!"

त्यानंतर सगळं पूर्वीसारखं झालं असं म्हणायला थोरलीचा जीव धजत नाही. धाकटीला पालिकेने परत घेतलं नाही. बऱ्याच खटपटीनंतर तिला एका धर्मादाय दवाखान्यात काम मिळालं, घरापासून लांब. जुन्या वॉर्डातल्या काही बायका दोन बस बदलून पोरांना तिच्याकडे सुई टोचायला आणतात. बाकीच्या हमरस्ता ओलांडून नव्या इमारतीत जातात आणि येता-जाता जीव मुठीत धरतात. मामा तिथे सिग्नल बसवायचं बघतोय.

संध्याकाळचे फोन पुन्हा सुरू झाले. पण आधी धाकटी पोटातलं सगळं ओतायची, ती आता मधेच थांबते. "बघू," म्हणते, किंवा "ठरलं की सांगेन." अशा वेळी थोरली फोन कानाला लावून उभी राहते. पलीकडून काहीतरी येईल असं तिला वाटतं, आणि ती विचारत नाही. आपण दुसऱ्याला जे केलं तेच आपल्याला मिळतंय, हे तिला कळतं. कळून दुखायचं थांबत नाही.

परवा मात्र धाकटी केंद्रात आली. तोच दणदण जिना. तिने छापील अहवाल मागितला, सगळ्यांना मिळतो तसा, आणि थोरलीच्या टेबलाशी बसून आपल्या वॉर्डाचं प्रकरण ओळीओळीने वाचलं. कोष्टकं कळेनात तिथे विचारलं. थोरलीने समजावून दिलं.

"तुम्ही विचारलेल्यांत मागच्या वसाहतीतली भाडेकरू माणसं नाहीतच," धाकटी म्हणाली. "ती दिवसा घरी नसतात. तुझा तो कुत्रं चावलेला माणूस दुपारी गेला होता."

"मतदार यादीत तरी त्यातले किती आहेत?"

"नाहीत, तेच तर! मी नावं नोंदवून घेणार आहे. आत्तापासून."

थोरलीने पेन खाली ठेवलं. "म्हणजे तू पुन्हा..."

"बघू," धाकटी म्हणाली. पण या वेळी तिने बहिणीच्या डोळ्यांत पाहिलं आणि अहवाल पिशवीत कोंबता कोंबता वर म्हणाली, "तू निवडणुकीच्या वर्षी आधीच रजा टाक. पेटीच्या जवळपास फिरकू नकोस. मला तुझ्याशी बोलायला लागेल."

"रजा मिळेल का?" थोरली म्हणाली. तिच्या डोक्यात लगेच सर, छपाई, धांदरट सहकारी, त्याची पोटरी, सगळं गोळा व्हायला लागलं. धाकटी केव्हाच दाराबाहेर पडली होती. जिन्यातला दिवा कालच गेला होता. थोरली धावत कठड्याशी आली आणि खाली वाकून म्हणाली, "अगं, सांभाळून, शेवटची पायरी तुटलीय!"

खालून चपलांचा आवाज क्षणभर थांबला, मग हळूहळू पुढे गेला.